सोपाऱ्याची खाडी बुजली नसती तर

अर्नाळ्याची एक मासेवाली रोज माझ्या सोपाऱ्यातल्या वाडीच्या फाटकाशी टोपली उतरवते. नाव मी विचारलं नाही. मी दुसरी शिकलेला, पण सोपाऱ्याला पूर्वी रोमची जहाजं यायची आणि गाळानं ते बंदर बुजलं, हे तिला मीच सांगितलं. तेव्हापासून ती मासे कापायच्या फळीवर ओल्या बोटानं खाडी काढते.

"गाळ भरला नसता तर आज रोमचा कप्तान माझे बोंबील न्यायला आला असता, बाबा!"

"आणि मी?"

"तुमची वाडी गाळावरच हाय. ती पान्यात असती."

"कप्तान येवो नाहीतर राजा, वाडी मी सोडायचा नाही!" मी ठणकावलं.

तिनं हसत तळव्यानं खाडी पुसली.

"घ्या, बुजवली. तुमच्यापायी माझा कप्तान गेला. आता त्याचे बोंबील तुमीच घ्या."

मी भांडं पुढं केलं.