निवृत्तीनंतर तो जन्मगावी परतला

फाइल उघडली आणि दुसऱ्याच परिच्छेदात माणूस शिक्षा भोगत होता. ‘आपल्या कारकिर्दीत त्याने शेकडो मिनिटांची शिक्षा भोगली,’ असं वाक्य होतं. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. शिक्षा महिन्यांची असते, वर्षांची असते. मिनिटांच्या हिशेबाने शिक्षा देणारं कोर्ट मला तरी ठाऊक नव्हतं.

नोंद कॅनडातल्या एका व्यावसायिक आइस हॉकीपटूची होती. पुण्याहून चालणाऱ्या एका ऑनलाइन कोशासाठी मी कॉपी एडिटिंग करतो. त्याआधी लातूरला एका दैनिकात बरीच वर्षं उपसंपादक होतो. निवृत्त झालो, हुलसूरला माझ्या गावी आलो आणि आता खिडकीशी लॅपटॉप ठेवून जवळजवळ तेच काम करतो. लोक विचारतात, कॉपी एडिटर म्हणजे प्रूफं तपासणारा का? नाही. प्रूफवाला छपाईतल्या चुका बघतो. आम्ही त्याच्या आधी येतो. वाक्य खरं आहे का, कशावरून खरं, वर एक आणि खाली भलतंच लिहिलंय का, हे आम्ही बघतो. शंका आली की समासात टीप टाकून लेखकाला विचारायचं. त्या टिपेला क्वेरी म्हणतात. क्वेरी कमी टाकणारा एडिटर लेखकांना आवडतो. मी फारसा कुणाला आवडलेलो नाही.

नोंद लिहिणारे बिराजदार सर हळ्ळीखेडचे. उदगीरच्या शाळेत जन्मभर खेळाचे शिक्षक होते. कबड्डी, खो-खो, कुस्ती यांवरच्या त्यांच्या नोंदी मी डोळे झाकून पुढे पाठवाव्यात अशा. पण कोशवाल्यांनी हिवाळी खेळ वाटले आणि सरांच्या वाट्याला हा गडी आला. सरांनी आयुष्यात बर्फ पाहिला तो सरबताच्या गाड्यावर, पोत्यात गुंडाळलेला. माझंही तेवढंच. इंग्रजीतलं वाचून त्यांनी इमानाने लिहिलं होतं. पण खेळच न पाहिलेल्या दोन माणसांनी एकमेकांना क्वेऱ्या टाकून काय हाती लागणार?

म्हणून मी मिलिंदला विचारायचं ठरवलं. मिलिंद माझा मुलगा. सॉफ्टवेअरच्या नोकरीनिमित्त बायको-लेकीसह कॅनडात विनिपेगला असतो. जाताना दोन वर्षांत येतो म्हणाला होता. त्याची लेक तेव्हा रांगत होती, आता ती शाळेत जाते आणि माझ्याशी इंग्रजीत बोलते.

मिलिंदचा फोन रोज सकाळी येतो, पण हिच्या मोबाइलवर. मायलेकरांचं तासभर चालतं. भाजी काय केली, कुणाचं लग्न ठरलं, कोणाच्या म्हशीला काय झालं. शेवटी तो विचारतो, “अप्पा बरे हायत का?” ही म्हणते, “बरे हायत.” झालं माझं. मी शेजारी पेपर धरून बसलेलो असतो आणि एक ओळ वाचलेली नसते. बापलेकाला बोलायला विषय लागतो. आमच्याकडे तो कधी नव्हताच. तो लहान होता तेव्हा मी लातूरला, घरी रविवारी येणारा. पुढे मी घरी आलो तेव्हा तो गेला.

त्या दिवशी मी हिच्या हातून फोन मागून घेतला. ही बघतच राहिली.

“जयभीम अप्पा. काय झालं? तब्येत बरी हाय ना?”

“तब्येतीला काय धाड भरलीय? आइस हॉकीत शिक्षा मिनिटांत असती व्हय?”

 मिलिंद इतका हसला की ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. त्याने सांगितलं ते असं. खेळाडूने कुणाला आडवं पाडलं, काठी मारली, की पंच त्याला दोन मिनिटं मैदानाबाहेर, कडेच्या एका खोक्यात बसवतात. तेवढा वेळ त्याचा संघ एका गड्याने कमी खेळतो. अशा मिनिटांची जन्मभराची बेरीज होते आणि ती लोक अभिमानाने सांगतात. मी वाक्य सुधारलं. माणूस तुरुंगातून सुटला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फोन मागितला. या गड्याने गोल थोडे केले होते आणि गुण ढीगभर. बेरीज चुकली असं मला वाटत होतं. मिलिंद म्हणाला, “मलाबी नक्की म्हाईत न्हाई अप्पा. ऑफिसात एकाला इचारून उद्या सांगतो.” उद्याचा फोन आधी माझ्या मोबाइलवर आला. गोल एक करतो, पण त्याच्या आधी चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती ज्या दोघांनी पुढे ढकलली, त्यांनाही एकेक गुण मिळतो. त्याला असिस्ट म्हणतात. आमचा गडी बचावफळीत खेळायचा, म्हणजे आपली बाजू राखायची आणि गोल दुसऱ्याला करू द्यायचा.

“तुमच्या कामासारखंच हाय की अप्पा,” मिलिंद म्हणाला. “नाव लेखकाचं.”

“मला गुण कुठं देतेत?” मी म्हणालो. तो पुन्हा हसला.

मग माझ्या क्वेऱ्यांना ऊत आला. काठीची लांबी, मैदानाला कडेने भिंत का, गोलरक्षकाला एवढं पांघरूण का. खरं सांगतो, यातल्या निम्म्या शंका नेटवर चुटकीसरशी सुटल्या असत्या. पण नेट ‘अप्पा’ म्हणत नाही. ही रोज सकाळी चहा ठेवता ठेवता चिडवायची, “आज काय अडलंय तुमचं? काठी का चकती?” एकदा मिलिंद मुद्दाम लेकीला घेऊन खेळ बघायला गेला आणि तिथून व्हिडिओ कॉल केला. छपराखाली आरशासारखा बर्फ, त्यावर धिप्पाड गडी सूं करून घसरत जायचे आणि भिंतीवर धाडकन आदळायचे. ही ओरडली, “आगं माय, हाडं मोडतील की रं त्याची!” मिलिंदच्या तोंडातून बोलताना वाफ निघत होती. त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे झालेले मला पहिल्यांदा दिसले. खेळाचं मी त्या दिवशी काहीच टिपलं नाही.

नोंदीत ‘ट्रेड’ हा शब्द वारंवार यायचा. दोन क्लब आपसांत खेळाडूंची अदलाबदल करतात, खेळाडूला बहुधा विचारतही नाहीत. सकाळी फोन येतो, संध्याकाळी माणूस दुसऱ्या शहराचा झालेला असतो. आमच्या गड्याचं असं अनेकदा झालं. गव्हाच्या शेतांतल्या लहानशा गावातून तो कोवळ्या वयात निघाला आणि निम्मा कॅनडा पालथा घातला. बायको मागे सामान बांधून यायची.

इकडे पुण्याहून केतकी मॅडमचा तगादा सुरू झाला. या आमच्या कोशाच्या समन्वयक, वयाने माझ्या मुलीसारख्या. “सर, एवढ्याशा नोंदीला इतके दिवस? तुमच्याकडून कधी असं होत नाही.” मी म्हणालो, “विषय बर्फाचा आहे मॅडम, जपून पाय टाकावा लागतो.” त्या हसल्या, पण सोमवारपर्यंत फाइल हवी म्हणाल्या.

घरातही एक तगादा होता. आमच्या घराच्या वर दुसऱ्या मजल्यासाठी सळया काढून ठेवल्यात. मिलिंद आला की वर बांधायचं, असं ठरलेलं. राजप्पा मिस्त्रीला दुसरीकडे मोठं काम मिळालं होतं, ते सुरू व्हायच्या आधी त्याला आमचं उरकायचं होतं. “सार, वर घालायचं का न्हाई, एकदा सांगा की,” असं तो दर दोन दिवसांनी दारात येऊन विचारायचा. ही म्हणायची, “इचारा की मिलिंदला. आता तर रोज बोलायलाव.” रोज बोलत होतो हे खरं. ते सोडून सगळं विचारत होतो. मला तो परत यायला हवा होता. फार हवा होता. आणि नाही म्हणाला तर पुढचं आयुष्य कशाची वाट बघत काढायचं, हे मला कळत नव्हतं.

आता नोंदीत फक्त शेवटचं वाक्य उरलं होतं. ‘निवृत्तीनंतर तो आपल्या जन्मगावी परतला व शेती पाहू लागला.’ सरांनी बाकी प्रत्येक वाक्याला संदर्भ दिला होता. म्हणजे ही माहिती कुठून घेतली ते खाली लिहिलं होतं. या एकाच वाक्याखाली काही नव्हतं. मी सरांना फोन लावला.

“सर, शेवटच्या वाक्याला संदर्भ नाही.”

“कुठलं वाक्य?”

“गावी परतल्याचं. कुठं मिळालं तुम्हाला हे?”

“मिळायचं काय त्यात?” सरांना माझंच नवल वाटलं. “रिटायर झाल्यावर माणूस कुठं जातंय? गावालाच की. म्या न्हाई का आलो हळ्ळीखेडला? तुम्ही न्हाई का आलाव हुलसूरला?”

“पण तो आला का, सर?”

“न यायला काय झालं? शेत हाय, घर हाय. बापाचं गाव सोडून कुणी बाहेर मरायला राहतंय व्हय?”

 सर खोटं लिहीत नव्हते. त्यांच्या दृष्टीने सूर्य मावळतो हे लिहायलाही संदर्भ लागत नाही, तसंच हे. नियम मात्र साधा आहे. आधार नसेल तर वाक्य कापायचं. केतकी मॅडमना विचारलं तर त्याही म्हणाल्या, “काढून टाका ना सर. तुम्हीच मला हे शिकवलंय.” मी आयुष्यभर लोकांची लाडकी वाक्यं अशी कापत आलो. कुणी रडकुंडीला आलं तरी कापली. या वाक्यावर कर्सर नेऊन ठेवला आणि बोट काही पुढे सरकेना. मलाही तो गडी गव्हाच्या शेतात परतलेला हवा होता.

मी मिलिंदला क्वेरी टाकली. रीतसर, लेखी, मेसेजवर. ‘निवृत्तीनंतर जन्मगावी परतला का? खात्रीशीर आधार हवा.’

त्या दिवशी फोन आला नाही. दुसरा दिवसही गेला. ही विचारायची, “काय इचारलंत त्याला?” मी म्हणायचो, हॉकीचंच. तिसऱ्या सकाळी आला.

“अप्पा, सापडलंय. तिकडच्या पेपरात त्याची मुलाखत हाय. लिंक पाठवलीय.”

“काय म्हणतोय?”

“न्हाई परतला. ज्या शहरात शेवटचं खेळला तिथंच राहिला. लेकरांना हॉकी शिकवतोय. त्याच्या पोरांची शाळा तिथंच, त्यांना गाव म्हाईतच न्हाई म्हणला. शेत दुसरंच कुणी तरी बघतंय.”

“बरं,” मी म्हणालो. “आधार चांगला आहे.”

मी फोन ठेवायला निघालो होतो. तेवढ्यात तो म्हणाला, “अप्पा, तुम्ही हॉकीवाल्याचंच इचारायलाव ना?”

दारात राजप्पा उभा होता. मी त्याला हातानेच थांब म्हणालो.

“त्याचंबी,” मी म्हणालो. “आणि तुझंबी.”

 “आम्ही हितं घर बघायलोय अप्पा. दोन दिवस झालं, कसं सांगावं कळंना. पोरीला तिकडं जमंल असं वाटत न्हाई. तुम्ही रागावलाव का?”

राग आला नव्हता.  इतकी वर्षं आपण ज्याला ‘सध्या तिकडे’ म्हणत आलो, तो तिकडचाच झालाय, हे एका वाक्यात कळलं. मी विचारलं, “घराला छप्पर नीट हाय का? बर्फाचं वजन पडतंय म्हणं.” तो म्हणाला, नीट हाय. मग दोघंही रडलो. बापलेक म्हणून आम्ही पहिल्यांदाच काहीतरी एकत्र केलं.

हिला सांगितलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत बसली. मग राजप्पाला म्हणाली, “सगळा मजला नको अण्णा. एकच खोली घाल. उन्हाळ्यात आली तर झोपतील.” राजप्पा बरं म्हणून सळया मोजायला वर गेला.

मी सरांचं वाक्य कापलं. तिथे लिहिलं, ‘निवृत्तीनंतर तो त्याच शहरात स्थायिक झाला.’ खाली मुलाखतीचा संदर्भ दिला. नोंदीतलं ते आता सर्वांत पक्कं वाक्य आहे. लेखकाला बदल कळवावा लागतो, म्हणून सरांना फोन केला.

“न्हाईच आला?” सर म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता. “मग त्याच्या मायबापाचं काय झालं?”

“पहिल्या परिच्छेदात आहेत ना सर. अमुक आणि तमुक यांच्या पोटी जन्मला.”

“ते म्याच लिवलंय की. फुडं काय झालं म्हणायलोय.”

“पुढचं लिहीत नाहीत, सर.”

“कामून?”

“चरित्र त्याचं आहे.”

 सर ‘ठेवतो’ म्हणाले.

नोंद सोमवारी गेली. केतकी मॅडमनी ‘क्लीन फाइल, थँक यू सर’ असं कळवलं. या कामात नव्याने येणाऱ्या मुलांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. चरित्रनोंदीत आईवडील एकदाच येतात, जन्माच्या वाक्यात. त्यांची नावं तिथेच नीट तपासून घ्या. पुढे ती कुठेही येत नाहीत.