उलट्या ‘व’ची शिवराई

मला शिवराया, म्हणजे शिवरायांच्या नावाची जुनी तांब्याची नाणी, गोळा करायचा नाद लागला तो चिंचवडच्या एका भांड्यांच्या दुकानात. घरातला तांब्याचा बंब मोडीत द्यायला गेले होते. तराजूशेजारच्या वाडग्यात काळी पडलेली नाणी होती. त्यातलं एक उचलून बोटाने पुसलं, तर ‘राजा’ एवढंच वाचता आलं. शाळेत ज्यांचा इतिहास शिकलो त्यांच्या नावाचं नाणं असं मोडीत पडलेलं असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. बंब तिथेच ठेवला आणि मूठभर शिवराया रुमालात बांधून कासारवाडीला घरी आले.

“बंबाचं एवढंच झालं होय?” नवऱ्याने विचारलं.

मी म्हटलं, “एवढं झालं हे काय कमी आहे?”

शिवराईवर मजकूर थोडा असतो. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’. पण ही नाणी पुढे कितीतरी काळ वेगवेगळ्या टांकसाळींत पडत राहिली आणि प्रत्येक ठसा कोणी ना कोणी हाताने कोरलेला. त्यामुळे कुठे ‘शिव’ तर कुठे ‘शीव’, कुठे ‘पति’ तर कुठे ‘पती’. कुणाचा ‘श्री’ ऐसपैस, कुणाचा अंग चोरून बसलेला. शिवाय ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, म्हणून सगळी अक्षरं एका नाण्यावर क्वचितच उतरायची. उरलेलं आपण ओळखायचं. मला त्यातच गोडी वाटू लागली.

या वाटेवर मला एक गुरू भेटले. थेरगावात त्यांचं औषधांचं दुकान आहे. गल्ल्याशेजारी भिंग ठेवलेलं असतं आणि गिऱ्हाईक नसलं की हे काका नाणी बघत बसतात. नाणं कधी घासायचं नाही, कडेला धरायचं, हे सगळं त्यांनी शिकवलं. रविवारी चिंचवडला जमणाऱ्या संग्राहकांच्या बैठकीत मला पहिल्यांदा त्यांनीच नेलं. तिथे मी एकटीच बाई होते. काकांनी शेजारची खुर्ची पुढे केली आणि बैठक चालू ठेवली.

दोनेक वर्षांपूर्वी त्या पहिल्या मुठीतली नाणी मी पुन्हा एकदा बघत होते, तेव्हा एका नाण्यावर अडले. ‘शि’ नंतर ‘व’ यायला हवा. ‘व’चं पोट दांडीच्या डावीकडे असतं, हे पहिलीतलं पोरही सांगेल. इथे ‘शि’ नंतर आधी दांडीच होती. दांडीच्या उजवीकडे एक वळण सुरू झालेलं दिसत होतं आणि तिथेच नाणं संपत होतं. बराच वेळ बघितल्यावर लक्षात आलं, हा ‘व’ उलटा आहे. ठशावर अक्षरं उलटी कोरावी लागतात, तेव्हा ती नाण्यावर सुलटी उमटतात. या कारागिराने बाकी सगळं उलटं कोरलं आणि ‘व’ तेवढा सवयीने सुलटा कोरून ठेवला.

मी नाणं घेऊन थेट थेरगाव गाठलं. काकांनी भिंगाखाली धरलं, फिरवून पाहिलं.

“ताई, असा प्रकार माझ्या पाहण्यात नाही. कुठल्या पुस्तकातही नाही. पण पोट झिजून गेलं असेल, आणि हे वळण म्हणजे नाण्याच्या कडेने टिंबांची माळ असते, त्यातलं एखादं टिंब असेल. एका नाण्यावरून कसं म्हणायचं?”

त्यांचं म्हणणं मला पटलं, कारण माझं कामच ते आहे. महाळुंग्याच्या कंपनीत मी प्रेस शॉपच्या क्वालिटीला आहे. पत्र्याच्या एका पार्टवर खूण दिसली तर ती हाताळताना पडलेली असू शकते. तीच खूण पुढच्या पार्टवरही त्याच जागी आली, की मशीन थांबवून डाय, म्हणजे आमचा ठसाच, उघडायची. माझ्या नाण्यावर तशी एक खूण होती. ‘जा’च्या कान्यापासून त्या दांडीपर्यंत केसासारखी बारीक रेष गेली होती, आणि ती खोल नव्हती, उठलेली होती. ओरखडा खोल असतो. उठलेली रेष म्हणजे ठशालाच चीर गेलेली. आता त्याच ठशातलं दुसरं नाणं मिळायला हवं होतं.

मग मी शोधत सुटले. भांड्यांची दुकानं, जुन्या बाजारातल्या पथाऱ्या, बैठकीतल्या लोकांचे ट्रे. मित्रमंडळी म्हणायची, “राव, अजून नाही का सापडला तुमचा व?” सापडला नव्हता. पण त्या नादात कितीतरी शिवराया वाचायला शिकले. नुसत्या ‘श्री’च्या वळणावरून नाणी वेगळी काढता येऊ लागली.

एकदा जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये मी मोबाइलवर फोटो मोठा करून बघत होते. असेंब्ली लाइनवरची एक मैत्रीण शेजारी डबा उघडत होती. ती महाळुंग्याच्याच जुन्या घरातली सून. फोटोकडे बघत म्हणाली, “मॅडम, असलं आमच्या देव्हाऱ्यात हाय की. सासूबाई रोज हळदकुंकू लावत्यात त्याला.”

पुढच्या रविवारी मी तिच्या घरी गेले. मागे कंपनीची भिंत, पुढे दारात गोठा आणि मधे त्यांचं घर. सासूबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. देव्हाऱ्यापाशी गेल्यावर माझे पाय थबकले. आडनाव कळल्यावर माणसांचे चेहरे कसे बदलतात ते बघण्याची सवय आम्हाला लहानपणापासूनची. म्हणून मी आधीच सांगून टाकलं.

“आजी, आम्ही बौद्ध आहोत. तुमच्या देवातल्या नाण्याला मी हात लावलेला चालेल ना?”

आजींनी माझ्याकडे पाहिलं. “नाणं बघाया आलीस ना?”

“हो.”

“मग हाताबिगार कसं बघशील?” असं म्हणत त्यांनी देवांच्या टाकांमधून नाणं उचललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

नाण्यावर हळदकुंकवाचा जाड थर बसला होता. काहीच वाचता येईना. मी काही म्हणायच्या आत आजींनी पितळी वाटीत पाणी आणलं. नाणं भिजत ठेवून आम्ही चहा घेतला. थर सुटत गेला, पाणी लाल झालं. मी नाणं बाहेर काढून पदराने अलगद टिपलं. हळदकुंकवाखाली अक्षरं जशीच्या तशी राहिली होती. हे नाणं ठशाखाली दुसऱ्या बाजूला सरकलं होतं, म्हणून डावीकडचा अर्धा ‘श्री’ गायब होता, पण उजवी कड पुरी उतरली होती. ‘शि’, मग दांडी, आणि दांडीच्या उजवीकडे भरलेलं, गोल, अखंड पोट. आणि ‘जा’च्या कान्यापासून खाली आलेली ती उठलेली रेष.

मी नाणं दाराच्या उजेडात नेलं, परत आणलं, पुन्हा नेलं. मैत्रीण घाबरून म्हणाली, “मॅडम, काय झालं? खोटं हाय का?”

“खरं आहे,” मी म्हटलं. “अगदी खरं आहे.”

फोटो काढून मी नाणं आजींच्या हातात परत दिलं. दोन्ही नाण्यांचे फोटो एका मापाचे करून, कंपनीत पार्ट ताडून बघतो तसे एकावर एक ठेवले. रेष रेषेवर बसली. एका नाण्यावर राहून गेलेलं दुसऱ्याने भरून काढलं आणि तो पूर्ण ठसा पडद्यावर दिसू लागला. मूळ ठसा कधीच नाहीसा झाला असणार. त्याच्यावरचा सगळा मजकूर मी बघत होते.

काकांनी ते चित्र पाहिलं आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. बराच वेळ बघून झाल्यावर भिंग खाली ठेवून म्हणाले, “ताई, आता शंका उरली नाही. आपल्या बैठकीच्या वार्षिक प्रदर्शनात हे तुम्हीच मांडायचं आणि तुम्हीच समजावून सांगायचं. मी शेजारी उभा राहतो.”

यंदाच्या प्रदर्शनात चिंचवडच्या हॉलमध्ये पहिलं टेबल माझं होतं. माझं नाणं, आजींच्या नाण्याचा मोठा फोटो आणि वर काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेली पाटी: ‘शिवराई, उलटा व’. सकाळपासून माणसं येत होती. लांबलांबचे जाणकार भिंग लावून बघत, एकमेकांना बोलावून आणत. एका वयस्कर संग्राहकांनी माझ्याकडून सगळं दोनदा समजावून घेतलं आणि ते म्हणाले, “आता घरी जाऊन माझे सगळे ट्रे काढतो.”

दुपारी दारातून मैत्रीण आत येताना दिसली. तिच्या मागे नवं लुगडं नेसलेल्या आजी. टेबलापाशी येऊन त्यांनी पदराची गाठ सोडली आणि त्यांची शिवराई माझ्या शिवराईशेजारी ठेवली.

“फोटू कशाला?” त्या म्हणाल्या. “आसंल तर खरंच ठिवावं.”

गर्दी वाढली. कोणीतरी विचारलं, “आजी, देणार का हे नाणं?”

“देवाला कुनी इकतं व्हय?” आजी म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ओढून घेतली, टेबलाशी बसल्या, आणि येणाऱ्या प्रत्येकाला बोटाने दाखवू लागल्या. “ह्यो बघा, ह्यो उलटा. आमच्या घरातला हाय. ह्या बाईनं वळखला.”

सकाळपासून सांगून सांगून माझा आवाज तोवर बसला होता. मी काकांशेजारी उभी राहिले आणि आजींनाच सांगू दिलं.