टोपणावरचं कुंकू

दस्तगीर मिस्त्रींकडं कुठलीही मोटार आली, की ते आधी हात पुढं करायचे. "टोपण दे."

इंजिन खडखडत असो, ब्रेक लागत नसो, चाक वाकडं झालेलं असो, त्यांना आधी पेट्रोलच्या टाकीचं टोपण हवं. ते बाहीला पुसायचे, ओठाला लावायचे आणि डोळे मिटून फुंकायचे. टोपणाच्या मधोमध सुई जाईल एवढं भोक असतं. त्यातून वारा पलीकडं निघाला, की मान हलवून म्हणायचे, "हां, आता बोल. काय झालंय?" पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, म्हातारा चक्रम आहे. हे तीसच्या दशकातलं सांगतोय. सोलापुरात तेव्हा मोटारी बोटांवर मोजण्याएवढ्या, आणि त्या दुरुस्त करणारे त्याहून कमी. विजापूर वेशीजवळ कडुनिंबाखाली या दस्तगीर चाचांची पत्र्याची शेड होती. माझी एक जुनी, चार हातांतून आलेली अमेरिकन गाडी होती आणि ती मी सोलापूर ते मंद्रूप सर्व्हिसला चालवत असे. गाडी कसली, नुसती कटकट! पण घर तिच्यावर चालायचं.

त्या गाडीची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली होती. गादी उचलायची, टोपण फिरवायचं, पत्र्याच्या डब्यातनं पेट्रोल ओतायचं. खड्ड्यात चाक गेलं की टोपणातनं पेट्रोल हिंदकळायचं आणि माझं धोतर भिजायचं. उतारू नाकाला पदर लावून बसायचे. मी आपला शहाणपणा केला. गळती या भोकातूनच होते म्हणून त्यात धुण्याचा साबण दाबून बसवला. गळती तर थांबेनाच, उलट मंद्रूपच्या अलीकडं गाडी धापा टाकत बंद पडली. टोपण काढलं की चालू, लावलं की पुन्हा बंद. शेवटी वैतागून चाचांकडं आलो.

त्यांनी फुंकलं. वारा जाईना. तोंडात साबण आला तसे थुंकले आणि माझ्याकडं असे बघत राहिले, की आता थोबाडीत मारतात.

"काय बे बाळू, तेलीबाबा डब्याला भोकं किती पाडतोय?"

"दोन."

"दोन का?"

"एकातनं तेल येतंय, एकातनं वारा जातोय."

"मग हिनं काय तुझं घोडं मारलंय? हिला दम नगं घ्यायला?" मग त्यांनी टोपणाच्या आतली जुनी, चेपून गेलेली चामड्याची चकती काढून फेकली. बुचाची पातळ पट्टी घेऊन नवी चकती कापली. टाकीच्या तोंडाचा काठ काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासल्यासारखा सपाट केला. गळती काठाची होती, भोकाचा काही दोष नव्हता. निघताना एक गोधडीची सुई माझ्या टोपीत खोचून दिली. "रोज सकाळी भोकात घालायची. मग फुंकायचं. नमाज चुकंल माझी, हे चुकायचं न्हाय."

चाचांच्या डाव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटलेली होती. कातडी मेणासारखी गुळगुळीत. मी बरेच दिवस विचारलं नाही. एकदा दुपारी शेडपासून पंधरा पावलांवर एका गाडीवानानं चिलीम पेटवली, तर हा माणूस हातातला पाना टाकून धावला आणि चिलीम मातीत पुरून आला! गाडीवान शिव्या देत गेला. चाचा परत येऊन बसले. त्या दिवशी सांगितलं. एका सावकाराची गाडी उन्हात उभी होती, टोपणाचं भोक गंजानं बुजलेलं. चाचांच्या थोरल्या भावानं टोपण एकदम फिरवलं. "आत पेट्रोल तापून फुगलं हुतं, बाळू. कारंजं उडालं. आन् जाळ तर लांब हुता, दहा पावलांवर. पेट्रोल दिसत न्हाय तवाच लई असतंय. वास चालत जातोय जाळाकडं." भाऊ गेला. चाचांची बोटं राहिली अशी.

तेव्हापासून अनोळखी टोपण ते कधी एकदम फिरवत नसत. पाव वळसा द्यायचा, थांबायचं, आतून सुस्कारा येतो का ऐकायचं, मग पुढं. "उघडायच्या आधी तिला बोलू दे," म्हणत. फक्त ज्या टोपणाचं भोक मोकळं आहे हे नक्की माहीत असे, ते बिनधास्त फिरवत. हे नीट लक्षात ठेवा. मी ते लक्षात ठेवलं नाही.

आता माझ्या आईचं सांगायला हवं. खंडेनवमीला आणि पाडव्याला ती गाडीची पूजा करायची. दिवे, बॉनेट, चाकं सगळ्यांना हळदकुंकू. पण तिचा जीव त्या टोपणावर. "गाडी म्हंजे घरची लेक हाय. खाती-पिती ते तोंड हे. त्याला कुंकू नगं?" पहिल्या वर्षी तिनं कोरडं कुंकू लावलं. त्याच दिवशी दुपारी चाचांनी सवयीनं टोपण तोंडाला लावलं आणि ओठ लालभडक. अड्ड्यावरचे सगळे ओरडले, "चाचा, पान कुटं खाल्लं?" ते खो खो हसले. पण आईला कळलं तेव्हा तिचं तोंड उतरलं. "पूजेचं उष्टं केलं," म्हणाली. मिस्त्री मुसलमान म्हणून नव्हे. मी फुंकलं असतं तरी ती तेच म्हणाली असती. पूजेच्या दिवशी कुणाचं तोंड लागायचं नाही, हा तिचा नेम.

ते चाचांच्या कानावर गेलं. पुढच्या पूजेला ते स्वतः घरी आले, दारातच थांबले. "आक्का, चुकी झाली. तुमच्या पूजेच्या दिवशी मी तोंड लावत न्हाय. बाळू सुई घालंल." आईनं त्यांना पितळेच्या वाटीत गूळ-खोबरं दिलं. त्यानंतर दोघांचं चांगलं जमलं. चाचांच्या घरची खीर आमच्याकडं यायची, आमची पुरणपोळी त्यांच्याकडं जायची.

तो गुढीपाडव्याचा दिवस होता. ऊन आधीच भाजत होतं. कोरडं कुंकू वाऱ्यानं उडतं, म्हणून आईनं या खेपेला आपल्या करंड्यातलं मेण काढलं. बायका कपाळाला आधी मेण लावतात आणि त्यावर कुंकू टेकतात, तसंच तिनं टोपणाच्या मधोमध मेणाचं बोट ठसठशीत दाबलं आणि वर कुंकू. मी बघत होतो. हात टोपीतल्या सुईकडं गेला. आई म्हणाली, "आजच्या दिस राहू दे की रं. सणाचं कपाळ कोरतोस व्हय?"

मी सुई तशीच राहू दिली. उद्या काढू म्हटलं.

चाचांना मंद्रूपला एका बागाइतदाराचं ऑइल इंजिन दुरुस्त करायचं होतं. ते माझ्याच गाडीनं निघाले, पुढं माझ्या शेजारी बसले. गादी उचलायला हात घातला आणि परत घेतला. "आज पूजा हाय न्हवं. तू सुई घातलीस?"

"सुई घातली की, चाचा," मी म्हणालो. का म्हणालो? आईला बोल लागू नये म्हणून? उशीर होत होता म्हणून? चाळीस वर्षं मी हेच स्वतःला विचारतोय आणि दर वेळी वेगळं उत्तर देतोय.

मंद्रूपच्या अलीकडं गाडी दोनदा अडखळली. चाचांनी माझ्याकडं बघितलं. "कचरा आला असंल," मी म्हणालो. पोचलो तसे चाचा बागाइतदाराच्या इंजिनाकडं गेले. खरं तर त्याच घटकेला सुई घालायची. पण उतारू, बोचकी, भाड्याची हुज्जत यात राहून गेलं. राहून गेलं! किती सोपं आहे लिहायला.

गाडी दुपारी तीनपर्यंत उघड्यावर तापत उभी. परत निघण्याआधी पेट्रोल ओतायला मी गादी उचलली. टोपण हलेना. दोन्ही हातांनी जोर केला, हलेना. तोवर चाचा हात पुसत आले.

"बाजूला सर. घट्ट बसलंय व्हय?" त्यांनी टोपणावर पंजा ठेवला आणि थांबले. कुंकवाकडं बघितलं. "सकाळी सुई घातलीस न्हवं?"

तेव्हा तरी बोलायचं होतं. एक शब्द. 'नाही.' बास, एवढंच. भोवती उतारू उभे होते, सकाळी खोटं बोललो हे आता कसं सांगू, असं वाटलं. मी म्हणालो, "घातली की."

त्यांनी विश्वासानं टोपण एकदम फिरवलं.

फस्स करून पेट्रोल छातीवर, मानेवर, बाह्यांवर उडालं. मागच्या चाकाच्या सावलीत एक उतारू बसला होता, आम्हाला न दिसता. त्याच्या हातात बिडी होती. पुढचं मी लिहीत नाही. आम्ही माती टाकली, घोंगडं टाकलं, मी अंगावर पडलो. माझे हात भाजले, त्याचं काही नाही. दुसऱ्या एका मोटारीतनं त्यांना सोलापूरला दवाखान्यात आणलं. सगळ्या वाटेत त्यांची उजवी मूठ मिटलेली होती. टोपण त्यांनी सोडलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शुद्ध आली. पोलिसांना म्हणाले, "माझीच चुकी. घाई केली." मग सगळे बाहेर गेल्यावर त्यांनी टोपण मागितलं. मी उशाजवळचं उचलून दिलं. ओठ फुटलेले, फुंकता येईना. खिडकीच्या उजेडासमोर धरलं. भोकातून उजेड आला नाही. काजळलेलं मेण तसंच होतं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता शाप देतील. खरं सांगतो, दिला असता तर बरं झालं असतं.

"बाळू," ते म्हणाले, "आईला सांगू नगंस. तिचा जीव जाईल."

मग सुई मागितली. मी टोपीतली काढून दिली. ती तीन चिकटलेली बोटं आणि भाजलेला हात यांनी त्यांना मेण कोरता येईना, तेव्हा मी त्यांचा हात धरला आणि दोघांनी मिळून भोक मोकळं केलं. त्या रात्री चाचा गेले.

आईला मी काही सांगितलं नाही. बिडीनं पेटलं, एवढंच सांगितलं. ती तीन दिवस जेवली नाही, चाचांच्या बायकोजवळ जाऊन बसली. मी दुसरी गाडी घेतली, टोपण तेच बसवलं.

खंडेनवमी आली. आई ताट घेऊन गाडीजवळ आली. दिव्यांना कुंकू लावलं, चाकांना लावलं. मग माझ्याकडनं टोपण मागून घेतलं. तिनं करंड्यातलं मेण काढलं नाही. कोरडं कुंकू चिमटीत घेऊन टोपणाच्या काठाकाठानं गोल लावलं. मधलं भोक मोकळं ठेवलं.

कुणी सांगितलं तिला? कधीपासून तिला माहीत होतं? मी विचारलं नाही, तीही मरेपर्यंत बोलली नाही.

टोपण माझ्या हातात देऊन ती म्हणाली, "फुंक."

"आज पूजा हाय, आई."

"फुंक म्हन्ते न्हवं!" ती ओरडली, आणि पदरात तोंड घालून तिथंच जमिनीवर बसली.

मी टोपण ओठाला लावलं.