मंगलीबाईच्या घरचं ग्राफिक कार्ड

वडशाले माझं कंप्युटर रिपेरिंगचं दुकान आहे, अन् माझं डोकं लवकर तापते हे स्टेशनापासून धानाच्या बाजारापर्यंत सगळ्याईले माहीत आहे. गिऱ्हाईक येते अन् म्हणते, "राजदीपभाऊ, काल तं चांगला चालत होता." बाप्पा, काल चालत नसता तं कालच आणला असता ना! पण हे सगळं मनात. तोंडानं मी एवढंच म्हणतो का ठेवून जा, परवा ये. काय बिघडलं, काऊन बिघडलं, हे मी कोणाले सांगत नव्हतो. सांगून कायले डोकं पकवायचं? त्याईले कळत नाई अन् माझा टाइम जाते, असा माझा हिशोब.

त्या हिशोबाची वाट लावली करूटोल्याच्या मंगलीबाईनं.

करूटोला म्हणजे कुरखेड्याच्या पलीकडं, डांबर संपते तिथून आणखी आत. गोंडांचं लहानसं गाव. बांबू अन् तेंदूचा पैसा थेट ग्रामसभेकडं येते, त्यातून त्याईनं माझ्याकडून एक कंप्युटर नेला होता. धनराज उसेंडी म्हून त्याईचा सचिव आहे, शिकलेला, हसरा गडी. एक दिवस त्याचा फोन आला. "जय सेवा, भाऊ." मी म्हटलं, "जय भीम, बोल." म्हणे गावातले जवान पोट्टे गेम खेळाले मोटरसायकलनं कुरखेड्याले जाते, पेट्रोल जाळते, येताना कधी कधी पिऊन झुलत येते. म्हून सभेनंच ठरवलं का गेम गावात आणायचा. पहाडातून ट्रक चालवायचा गेम. पेन ड्राइव्हवर आणला, पण इन्स्टॉल होऊन नाई राह्यला.

मंग काय, माझ्या मागं भुंगा लागला. पहिले इन्स्टॉल अर्ध्यात थांबे. पाह्यलं तं सी ड्राइव्ह लग्नाच्या व्हिडिओनं गच्च भरला होता. ते हलवाले लावले. मंग एक फाइल सापडत नाई म्हून लिहून ये. ती अँटीव्हायरसनं चोर समजून कोंडून ठेवली होती, ती सोडवाले लावली. मंग विंडोज जुनी निघाली. ती अपडेट कराले तिथल्या नेटवर किती टाइम लागला ते विचारूच नका. शेवटी एकदाचा गेम बसला. धनराजनं चालू केला तं ट्रकचा आवाज झकास, अन् स्क्रीनवर काळाकुट्ट अंधार. मी म्हटलं, "आता ग्राफिक कार्डाशिवाय जमत नाई." तो फोनवर म्हणे, "मंग ठराव करा लागन, भाऊ. तुम्हीच या सांगाले."

करूटोल्यात ठराव म्हणजे खेळ नाई. तिथी बहुमत चालत नाई. गावातले सगळे हो म्हणाले तरच ठराव. एक माणूस अडला का सगळं अडते. अन् तो एक माणूस म्हणजे मंगलीबाई. ती कधीच नाई म्हणत नाई. ती म्हणते, "मले समजलं नाई." समजलं नाई म्हटल्यावर समजावून सांगा लागते, अन् तिले समजेपर्यंत काम बंद. शाळेच्या भिंतीले पिवळा रंग काऊन, हे तिले समजलं नाई म्हून पावसाळाभर शाळा बिनरंगाची राह्यली. पाण्याच्या टाकीले झाकण काऊन, तेई समजलं नाई. सभेत खुर्च्या कायले, खाली बसलं तं काय होते, तेई नाई. गावाच्या नाकी नऊ आले होते. पण रीत ती रीत.

मी दोन कार्डं बॅगेत टाकून गेलो. एक मोठं, दोन पंख्याचं, पोट्ट्याईच्या तोंडाले पाणी सुटन असं. एक लहान, सेकंडहँड, पण साफसूफ करून तपासलेलं. दुपारी समाजमंदिरात सगळं गाव जमलं. मी उभा राहून माझ्या पद्धतीनं उरकलं. म्हटलं, हे कार्ड लावलं का चित्र दिसन, संपलं. सगळ्याईनं माना हलवल्या. कोपऱ्यातून एक बारीक, ताठ, पांढऱ्या केसाची बाई म्हणे, "मले समजलं नाई." मी आणखी सांगतलं. समजलं नाई. मी बोर्ड, स्लॉट, मेमरी, सगळं सांगतलं. ती शांतपणे माझ्या तोंडाकडं पाहून राह्यली होती. समजलं नाई. मंग माझं डोकं सटकलं.

"हात वर कराले लावा ना," मी म्हटलं. "ज्याले कार्ड पाहिजे त्यानं हात वर करा. जास्त हात झाले का विषय संपला. साऱ्या दुनियेत असंच चालते."

बायकाईनं खाली पाह्यलं. जणू मी वडीलधाऱ्यांपुढं शिवी हासडली होती. पण मागं बसलेल्या जवानाईनं एकमेकाकडं पाह्यलं, अन् लच्छूभाऊ नावाचा एक म्हातारा गडी, जो खुर्च्यांच्या ठरावापासून चिडून होता, हळूच म्हणे का लहान लहान गोष्टीसाठी तसं कराले काय हरकत आहे. मंगलीबाई उठली. लुगडं झटकलं अन् बाहेर निघून गेली. लच्छूभाऊ म्हणे, आता जे बसले आहे ते सगळे तयारच आहे, करून टाका ठराव. धनराजनं नाई म्हून मान हलवली. त्यानं मले बाजूले घेतलं अन् तिच्या घरी जाऊन या म्हून सांगतलं. आग मी लावली होती, आता विझवालेई मलेच जा लागत होतं.

तिचं घर गावाच्या टोकाले, घरकुलातलं, स्लॅबचं. नवरा जाऊन बरेच वर्ष झाले, दोन्ही पोरी छत्तीसगडकडं दिल्या, त्या सणालेई येत नाई. ओसरीत बाजेवर बसली होती. मी चपला काढल्या, म्हटलं, "बाई, राग नका धरू." तिनं मले बसाले जागा दिली अन् बिना दुधाचा काळा चहा आणून पुढ्यात ठेवला.

मंग म्हणे, "भाऊ, हात मोजाले लागले तं समजवाले माह्या घरी येईन कोण?"

मी चहाचा कप उचलला.

"त्या शाळेच्या रंगासाठी पोट्टे पावसाळाभर येत होते," ती म्हणे. "इथी बसत, चहा पेत, गोष्टी करत. रंग मले पहिल्याच दिवशी समजला होता."

काय म्हणायचं आता हिले? सारं गाव वेठीले धरणाऱ्या बाईचा मले खरं तं रागच याले पाहिजे होता. पण मले भल्लं वाईट वाटलं. माझी माय अशीच दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याले हाका मारे, अन् मी दुकानातून ओरडत असे का जाऊ दे त्याईले.

मी कप ठेवला अन् मांडी घालून बसलो. म्हटलं, "बाई, आता नीट ऐका." अन् आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाले घाई न करता सांगतलं. म्हटलं, या डब्ब्यात एक हुशार माणूस बसला आहे, तो हिशोब करते. त्यालेच आपण रांगोळीई काढाले लावली. हिशोबात गुंतला का रांगोळी राह्यते, म्हून चित्र काळं. कार्ड म्हणजे रांगोळी काढाले ठेवलेला दुसरा माणूस. ती म्हणे, म्हणजे घरात एक खाणारं तोंड वाढलं. मी म्हटलं, बरोब्बर, अन् मोठं कार्ड एवढं खाते का या डब्ब्यातला विजेचा पुरवठाच कमी पडते. मंग पुरवठ्याचा डब्बाई मोठा घ्या, अन् तुमच्या गावची लाइन संध्याकाळी मरतुकडी, म्हून वर स्टॅबिलायझर घ्या. लहान कार्ड बोर्डातूनच जेवढी वीज मिळन तेवढ्यावर भागवते. चित्र थोडं कमी झकपक, पण ट्रक पहाड चढन. तिनं विचारलं, जुनं कार्ड काऊन, आधीच्या मालकानं काऊन सोडलं. मी सांगतलं. पंख्यात धूळ गेली तं काय होते, तेई विचारलं. मी तेई सांगतलं. उन्हं उतरली तरी मी सांगूनच राह्यलो होतो, अन् खरं सांगतो, मले मजा येऊन राह्यली होती.

शेवटी ती म्हणे, "समजलं. लहान घ्या. पण मशीन माह्या घरी ठेवा."

मी सभेत परत गेलो. आधी हात जोडले, म्हटलं ते हातमोजणीचं माझं बोलणं सोडून द्या, तुमची रीत तुमच्यापाशी. मंग मंगलीबाईची अट सांगतली. समाजमंदिराचं छप्पर गळते, उंदीर वायरी खाते, तिचं घर स्लॅबचं, हेई जोडलं. गोंडीत थोडी कुजबुज झाली. लच्छूभाऊनंच पहिले मान हलवली, अन् मंग सगळ्याईनं. परत निघताना धनराज माझ्या गाडीजवळ आला. हसून म्हणे, "आमाले माहीत आहे, भाऊ. रंग समजवाले मीई जात होतो." म्हणजे एवढ्या गावात आंधळा मी एकटाच होतो.

दुसऱ्या दिवशी लहान कार्ड लावलं, कार्डाचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर टाकलं, गेमचं चित्र जरा हलकं केलं. ट्रक धूर सोडत घाट चढला. पोट्ट्याईनं मले खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. मंगलीबाई तिच्याच बाजेच्या कोपऱ्यावर अंग चोरून बसली होती, कारण बाजेवर जागाच उरली नव्हती. एवढी खूश बाई मी पाह्यली नव्हती.

दोन-अडीच महिने गेले. धानाची मळणी आटोपली. मधात धनराज वडशाले आला तवा मी सहज विचारलं, बाई कशी आहे. तो डोकं खाजवून म्हणे, घर भरलेलं राह्यते, सकाळपासून रांग. पण सगळ्याईचे तोंडं त्या स्क्रीनकडं. बाई चहा ठेवते, तो थंडा होते. काई विचारलं तं हं, हं म्हणते, मान कोणी फिरवत नाई. पहिले एक यायचा अन् बोलायचा, आता सगळे येते अन् पाठ करून बसते. मले ते ऐकून माझाच राग आला. कार्ड तं मीच लावलं होतं ना.

मंग एक दिवस फोन आला का चित्रच गेलं, सिग्नल नाई म्हून लिहून येते, लवकर या. मी गाडी काढली. वाटेत डोक्यात एकच, लाइननं कार्ड खाल्लं असन.

घराजवळ पोचलो तं आतून हसण्याचा गदारोळ. दारातून पाह्यलं. स्क्रीन बंद. पोट्टे भिंतीले टेकून, कोणी बाजेवर, कोणी जमिनीवर. मधात उकडलेल्या तुरीच्या शेंगाचा ढीग. अन् मंगलीबाई हात नाचवून सांगून राह्यली होती का लच्छूभाऊ जवानीत अस्वलाले घाबरून मोहाच्या झाडावर चढला अन् उतराचं विसरला. लच्छूभाऊ स्वतः तिथीच बसून, डोळे पुसत हसून राह्यला होता. मले पाहून सगळे ओरडले, आला, आला, दुरुस्त करा लवकर.

मी टेबलाच्या मागं वाकलो. कार्ड ठणठणीत. पंखा फिरून राह्यला होता. फक्त स्क्रीनची केबल कार्डातून निघून खाली लोंबत होती. आता, या केबलले दोन बाजूंनी दोन इस्क्रू राह्यते. मी स्वतः कसून बसवले होते. ते उंदरानं निघत नाई, धक्क्यानं निघत नाई. कोणीतरी शांतपणे बसून, बोटानं फिरवून फिरवूनच काढा लागते. मी मान वर केली. मंगलीबाई माझ्याकडंच पाहून राह्यली होती. हातातली शेंग तशीच.

"काय झालं, भाऊ?" धनराजनं विचारलं.

मी केबल गुंडाळली अन् आपल्या बॅगेत टाकली.

"पार्ट जळला," मी म्हटलं. "नागपूरवरून मागवा लागन. पंधरा-वीस दिवस तं कुठीच नाई गेले."

सगळ्याईनं कपाळाले हात लावले. मंगलीबाई उठली अन् माझ्यासाठी चहा ठेवाले आत गेली. मी बॅग बाजेखाली सरकवली, शेंगा जवळ ओढल्या अन् लच्छूभाऊले विचारलं का मंग झाडावरून उतरला कसा.