सिस्टरची स्पॅनिश आणि माझे हात

मी चौथीपर्यंतच शिकलो. पण जे माझ्या हाताला येत होतं ते साहेबांच्या पोरांना दहा वर्षं कॉलेज करूनही आलं नसतं. जबलपूरच्या कारखान्यात मी तोफेच्या गोळ्यांना फ्यूज बसवत होतो. एकाहत्तरची लढाई सुरू व्हायची होती, पण आमच्याकडे ती आधीच येऊन बसली होती. दोन-दोन पाळ्या चालायच्या.

खोलीत दोनच माणसं, आणि बोलायला बंदी. फ्यूज आधी उलटा फिरवायचा, आटे बसल्याचं बोटाला कळलं की मग सुलटा. झालं की दोन बोटं वर करायची, समोरच्यानं गोळा उचलून न्यायचा. हे घरातही सांगणार नाही अशा कागदावर मी सही केली होती, आणि बायकोलाही कधी सांगितलं नाही.

घरी नवं बाळंतपण, म्हणून चार वर्षांच्या पोरीला मदन महल स्टेशनमागच्या बालवाडीत घातलं. स्पेनहून आलेली मिशनची एक सिस्टर ती चालवायची. दूध फुकट द्यायची आणि पोरांना स्पॅनिश शिकवायची. आमची पोरगी घरात मराठी धड बोलेना, गल्लीत हिंदी, आणि वरून हे तिसरं.

मी म्हटलं, "काहून शिकवून राहिली ती? हिला काय स्पेनला नांदायचं आहे?"

"दूध तर पिऊन येते ना," बायको म्हणाली. "तुम्हाले जे येत नाही त्याचा तुम्हाले राग येते."

सिस्टरची शिकवायची एक रीत होती. एक पोर बापाचं काम हातांनी करून दाखवायचं, बाकीच्यांनी स्पॅनिशमध्ये नाव सांगायचं. हातोडी ठोकली की कार्पिन्तेरो, म्हणजे सुतार. सुई ओढली की सास्त्रे, म्हणजे शिंपी.

दसऱ्यानंतर बालवाडीचा कार्यक्रम झाला. पुढच्या रांगेत कारखान्याचे सिक्युरिटीचे साहेब बसले होते, त्यांचा मुलगाही त्याच बालवाडीत होता. मी मागे भिंतीला उभा.

आमची पोरगी उभी राहिली. डाव्या हातात काहीतरी जड धरल्यासारखं केलं. श्वास रोखला. उजवा हात आधी उलटा फिरवला, थांबली, मग सुलटा. आणि दोन बोटं वर.

पोरं एकमेकांकडे बघू लागली. सिस्टरलाही नाव सुचेना. "यह कौन सा काम है, बेटी?"

"बाबा का," पोरगी म्हणाली.

साहेबांनी मान वळवून मला शोधलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "घर में सिखाते हो?" मी म्हटलं, घरात याबद्दल एक शब्द बोललेलो नाही. ते खरंच होतं. घरी आलो तेव्हा बायको म्हणाली, "लोणच्याच्या बरणीचं झाकण तुम्ही कसं लावता ते पाहिलं काय कधी? आणि वर दोन बोटं करता, मी बरणी उचलावी म्हणून."

मला त्या खोलीतून काढलं. पेटी विभागात टाकलं, गोळ्यांच्या लाकडी पेट्यांना खिळे मारायला.

मी सिस्टरकडे गेलो. "आपने मेरा काम सबको दिखा दिया."

"बच्ची ने जो देखा, वही किया," ती म्हणाली. "मुझे तो उसका शब्द भी नहीं मालूम था."

"नहीं मालूम था तो बिठा देतीं."

ती माफी मागेल असं वाटलं होतं. तिनं पोरीचा दुधाचा पेला धुऊन माझ्या हातात दिला. मी पोरीचं नाव बालवाडीतून काढून घेतलं. घरापर्यंत ती रडत आली, मी तिला उचललं नाही.

लढाई झाली, जिंकली. पेटी विभागातही पेढे वाटले, मी घेतला नाही. पुन्हा त्या खोलीत घ्या म्हणून अर्ज करा, असं लोक म्हणाले. ज्यांनी काढलं त्यांनी बोलवावं, मी म्हटलं. कोणी बोलावलं नाही.

एकदा मी घरी पाटाचा निघालेला खिळा ठोकत होतो. पोरगी समोर उकिडवी बसून बघत होती. बऱ्याच दिवसांत ती माझ्याजवळ अशी बसली नव्हती. बघता बघता तिचा चेहरा उजळला.

"कार्पिन्तेरो," ती म्हणाली.

मी तिला एक चापट मारली. ती चापट सिस्टरच्या वाट्याची होती, हे मी आजही म्हणतो.