झिऱ्यावरून घर, घरावरून झिरा

आमच्या सुनेविषयी चार ओळी लिहाव्यात असे बरेच दिवस मनात होते. नीट जमेल की नाही, ठाऊक नाही.

रविना जामसरची. लग्न होऊन सूर्यमाळला आली तेव्हा तिचा अकरावीचा गणिताचा पेपर राहिलेला. तो निघाल्याशिवाय बारावीला बसता येणार नव्हते आणि बारावीशिवाय पाड्यावरच्या अंगणवाडीत कोणी घेणार नव्हते. माझा मुलगा उमेश वसईला बांधकामावर असतो. अंगणवाडी मिळाली तर लहानग्या टीनाला घेऊन तिकडे झोपडीत राहायला नको, एवढेच तिचे म्हणणे.

अडत होते एकाच जागी. दोन बिंदू दिलेले, त्यांतून जाणाऱ्या रेषेचे समीकरण काढायचे. बिंदू (२, १) आणि (६, ९). रविना पडवीत कोळशाने रेष ओढायची, ती वर चढत जायची. समीकरण मात्र उतरत्या रेषेचे यायचे. पहिला बिंदू त्यात बसे, दुसरा बसत नसे. मी टीनाला मांडीवर घेऊन नुसता बघायचो. माझी बायको काशी म्हणायची, कोळशाच्या रेघांनी पिंप भरत नाही.

एका दुपारी रविनाने ओल्या फडक्याने रेष पुसली आणि म्हणाली, उमेशला सांगते, आम्हाला घेऊन जा. मला समजूत घालता येत नाही. ती हंडा घेऊन उताराखालच्या झिऱ्यावर पाण्याला निघाली, तसा मीही कॅन घेऊन मागे गेलो.

पाणी भरून परत चढताना काहीतरी बोलायचे म्हणून विचारले, जामसरला पाणी जवळ होते का? ती म्हणाली, इथेही झिरा लांब नाही, घरून निघाले की बोलता बोलता येतो. चढ जीव काढतो, झिऱ्यावरून घरापर्यंतचा. आमच्याकडे बाया असेच बोलतात. वाट रिकाम्या हंड्याची सांगतात, चढ भरल्या हंड्याचा.

रविना मध्येच थांबली.

"बाबा, मी चढ झिऱ्यावरून मोजते आणि वाट घरावरून."

"सगळ्याच तशा मोजतात."

"गणितात पण मी तेच करते."

घरी येऊन हंडा उतरवला आणि ओल्या हातानेच कोळसा घेतला. नऊ वजा एक, वर आठ. आडवे मोजताना ती आजवर दोनातून सहा वजा करायची, म्हणजे उलट टोकावरून. आता सहातून दोन काढले, चार. आठ भागिले चार, रेषेचा चढ दोन. y = २x − ३. मग x च्या जागी सहा घातले, बारा वजा तीन, नऊ. दुसराही बिंदू बसला.

तिने पदर तोंडावर घेतला. मी टीनाला घेऊन अंगणात गेलो.

फेरपरीक्षेत पेपर निघाला. काशी ऐकून आत गेली. कॅन आणून माझ्या हातात दिला.

"आता पाण्याला तुम्ही. तिला बारावी हाय."

मी जातो. झिरा लांब नाही. चढाचे मात्र पोरीने खरे सांगितले होते.