मिसळीची ऑफर आणि हरवलेले गुरुजी

पोलीस सेवेत असताना मी खून पाहिले, दरोडे पाहिले, कुंभमेळ्याच्या बंदोबस्तात उन्हातान्हात उभा राहिलो. त्या आठवणी मी आज शांतपणे सांगू शकतो. पण इंदिरानगरातलं मिसळीचं ते प्रकरण निघालं की अजूनही डोकं तापतं. बायको म्हणते, "विषय बदला, नाहीतर गोळी घ्या." आज गोळी घेऊनच लिहायला बसलोय. नावं कुणाचीच देणार नाही, कारण त्यात गुन्हेगार म्हणावा असा एकही माणूस नव्हता, आणि खरा संताप त्याचाच आहे.

आमच्या हद्दीत पुण्याच्या एका कंपनीची मिसळीची शाखा निघाली होती. बाहेरून येऊन नाशिककरांना मिसळ खायला शिकवायची, हे धाडसच म्हणायचं. फ्रँचायझी घेणारा माणूस सिन्नरच्या कारखान्यातली सुपरवायझरची नोकरी सोडून आलेला. साधा, घाबरट, कष्टाळू. कंपनीची अट अशी की प्रत्येक शाखेने आपल्या भागात स्थानिक जाहिरात केलीच पाहिजे, आणि ती कंपनी सांगेल तशीच. पुण्याहून तयार पोस्टरं आली, ती याने भिंतींवर, विजेच्या खांबांवर, बसथांब्यांवर चिकटवली.

पोस्टरवर ठळक अक्षरांत होतं, "हरवले आहेत." खाली एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोटो. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, जाड चष्मा. "आमचे आजोबा रुसून घरातून निघून गेले आहेत. दिसल्यास त्यांच्यासोबत सेल्फी काढून खालील नंबरवर पाठवा." सेल्फी पाठवली की मोबाईलवर आपोआप कूपन यायचं, एक मिसळ मोफत. त्यासाठी एका नाटकमंडळीतले वयस्क नट भाड्याने आणले होते. त्यांनी रोज कॉलन्यांतून फिरायचं आणि भेटेल त्याला विचारायचं, "मला घर सापडत नाही, सोडता का?" समोरच्याने ओळखलं की हसून फोटोला उभं राहायचं. पुण्यात वातानुकूलित खोलीत बसून कुणीतरी डोकं चालवून हे काढलं होतं.

झालं असं की बरीच माणसं सेल्फी काढण्याऐवजी आम्हाला फोन करू लागली. आपली माणसं अजून इतकी वाईट नाहीत. "साहेब, एक आजोबा रस्ता चुकलेत, लवकर या." गस्तीवरचे बीट मार्शल धावत जायचे, तर आजोबा कुणाच्या तरी खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेत असायचे. दोनदा झालं, तिसऱ्यांदा झालं, तेव्हा मी मिसळवाल्याला ठाण्यात बोलावून घेतलं.

"साहेब, हे टीझर आहे," तो म्हणाला.

"म्हणजे काय?"

"म्हणजे लोकांच्या मनात आधी उत्सुकता निर्माण करायची."

"माझ्या ठाणे अंमलदाराच्या मनात कसली उत्सुकता निर्माण झालीय, ते बाहेर जाऊन विचारा. संध्याकाळपर्यंत एक पोस्टर भिंतीवर दिसता कामा नये."

त्याने खरंच सगळी पोस्टरं काढली. मी सांगितलं भिंतीवरचं, म्हणून त्याने भिंतीवरचीच काढली. तीच जाहिरात लोकांच्या मोबाईलवरही फिरत होती, ती तशीच फिरत राहिली.

त्यानंतरच्या सोमवारी एक नवराबायको ठाण्यात आले. वडील हरवले होते. निवृत्त प्राथमिक शिक्षक, पंच्याहत्तरीच्या पुढचे, काही वर्षांपासून स्मरणशक्ती जात चाललेली. सून दूध आणायला खाली उतरली तेवढ्यात गुरुजी दार उघडून निघून गेले. रोज सकाळी ते वसाहतीतल्या बुद्धविहारात वंदनेला जायचे, म्हणून आधी तिथे पाहिलं. तिथे नव्हते. अंगावर पांढरा सदरा आणि पायजमा, डोळ्यांना जाड चष्मा. पाकीट आणि मोबाईल घरीच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे गुरुजींना मधुमेह, दोन्ही वेळ इन्सुलिनचं इंजेक्शन लागायचं. दिवस मे महिन्याचे.

मिसिंगची नोंद घेतली, सगळ्या ठाण्यांना बिनतारी संदेश दिला, जिल्हा रुग्णालय, रेल्वे पोलीस, वृद्धाश्रम, सगळीकडे माणसं पाठवली. कॉलनीच्या कॅमेऱ्यात गुरुजी मुख्य रस्त्याकडे जाताना दिसले आणि पुढे दिसेनासे झाले. सोमवार गेला, मंगळवारची सकाळही गेली. एवढ्या मोठ्या शहरात त्यांना पाहिलेला एक माणूस पुढे येईना. सुनेने डॉक्टरांना विचारलं होतं, इंजेक्शनशिवाय किती काढतील. डॉक्टरांनी तिला नीट उत्तर दिलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी ठाण्यात एक फोन आला. नाव न सांगता बाई म्हणाली, "घर म्हाताऱ्याच्या नावावर आहे. रविवारी मुलगा त्यांच्यावर केवढ्यांदा ओरडत होता, सगळ्या बिल्डिंगने ऐकलंय. बाहेर काय शोधताय?"

घरातला माणूस हरवला की शेजारपाजाऱ्यांना पहिली शंका घरच्यांचीच येते. पोलिसांनाही येते, ते आमचं कामच आहे. सुनेकडे महिला हवालदाराने चौकशी केली आणि मुलाला मी माझ्यासमोर बसवलं. बँकेतला माणूस, दोन दिवसांची दाढी वाढलेली, खुर्चीच्या टोकावर बसलेला.

"रविवारी काय झालं?"

"ओरडलो मी त्यांच्यावर. गॅस चालू ठेवून झोपले होते."

"घर कुणाच्या नावावर?"

"त्यांच्या."

"शोधायला कुठे कुठे गेलात?"

गप्प बसणाऱ्या माणसाला थोडं डिवचावं लागतं. मी म्हणालो, "वडील दोन दिवस बेपत्ता आहेत आणि तुम्ही इथे निवांत बसलाय. तुम्हाला ते सापडायला नको आहेत का?"

तो ताडकन उभा राहिला. हवालदार पुढे आले, मी त्यांना हातानेच थांबवलं.

"साहेब, काल सकाळपासून मी दादांचे फोटो छापून चिकटवतोय. पार द्वारका चौकापर्यंत चिकटवत गेलो. लोक पोस्टर वाचतात आणि हसतात. एक जण मला विचारतो, 'ऑफर अजून चालू आहे का?' दुसऱ्याने तर पोस्टर माझ्यासमोर फाडून खिशात घातलं, म्हणाला, दुकानात दाखवायला लागेल. मी काय करू, तुम्ही सांगा." आणि तो रडायला लागला. मोठ्या माणसाला असं रडताना पाहणं आमच्या नोकरीत नवीन नाही, पण त्याची सवय होत नाही.

शेजारी उभे असलेले हवालदार हळूच म्हणाले, "साहेब, मलाबी पानवाला म्हणाला व्हता, तुम्ही मिसळवाल्याचं काम घेतलं का म्हणून. मी त्याला झापला आन् पुढं गेलो."

कपाळावर हात मारायलाही वेळ नव्हता. त्याच पावली आम्ही मिसळीचं दुकान गाठलं. गर्दी चांगली होती. मिसळवाला गल्ल्यावर खुशीत बसला होता. मला पाहून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, पोस्टरं सगळी काढलीत."

"तुमचा तो नट कुठे आहे?"

"ते काका? त्यांना ऊन बाधलं साहेब, शनिवारपासून घरीच पडून आहेत. पण कॅम्पेन मस्त चाललंय. सेल्फी अजून येतायत."

"कुणाबरोबरच्या?"

शनिवारनंतर आलेला एकही फोटो त्याने उघडून पाहिला नव्हता. कूपन आपोआप जात होतं, मग बघायची गरजच काय. मी त्याचा मोबाईल हातात घेतला.

सगळे फोटो गुरुजींचे होते. जॉगिंग ट्रॅकवर, टी-शर्टमधल्या दोन बायकांच्या मध्ये. द्वारकेला, कॉलेजच्या पोरांच्या घोळक्यात. एका दुकानाच्या पायरीवर, शेजारच्या माणसाने त्यांच्या गालाला गाल लावलेला. आम्ही शहरभर ज्यांना शोधत होतो, त्यांच्यासोबत शहराने फोटो काढून घेतले होते. प्रत्येक फोटोत बाजूचा माणूस मोबाईलकडे पाहून हसत होता, आणि गुरुजी त्या माणसाकडे पाहत होते. काही सांगायचं असावं तसे.

मिसळवाल्याला तिथेच सोडून मी शेवटच्या फोटोच्या नंबरवर फोन लावला. फोटो त्याच दिवशी सकाळचा, निफाडच्या बसस्थानकाबाहेरचा. मागे कांद्याने भरलेली पिकअप उभी होती. फोन एका विद्यार्थ्याने उचलला. मी पोलीस ठाण्यातून बोलतोय म्हटल्यावर तो म्हणाला, "सर, कूपन शनिवारी वापरलं तर चालेल ना?"

मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. शुद्धीवर आल्यासारखा तो नीट बोलू लागला. "सर, ते म्हणाले मला घरी सोडा. मला वाटलं त्यांचा डायलॉग आहे. मग ते त्या पिकअपवाल्याशी बोलले आणि पुढे बसले. गाडी लासलगावला लिलावाला चालली होती."

नाशिकहून निफाडला गुरुजी कसे पोहोचले, रात्र कुठे काढली, हे शेवटपर्यंत कळलं नाही. लासलगावच्या पोलिसांना कळवून आम्ही जीप काढली. मुलाला बरोबर घेतलं नाही. काय पाहायला मिळेल याची खात्री नव्हती. निघता निघता पुण्याच्या कंपनीतल्या मार्केटिंगवाल्याला फोन करून ती जाहिरात ताबडतोब बंद करायला सांगितलं. तो म्हणाला, "सर, क्रिएटिव्ह आमचं असतं, पण लोकल एक्झिक्यूशन शाखेचं असतं. तुम्ही शाखेशी बोला ना." माणूस मरायला टेकलाय, हे मी त्याला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, ईमेल करा.

लासलगावच्या बाजार आवारात ट्रॅक्टरांच्या रांगांतून वाट काढत आम्ही आत गेलो, तेव्हा लिलाव संपत आले होते. एका शेडच्या सावलीत, कांदा निवडणाऱ्या बायकांच्या घोळक्यात गुरुजी गोणपाटावर आडवे झालेले दिसले. ओठ सुकलेले, डोळे अर्धवट मिटलेले. एक बाई त्यांना पदराने वारा घालत होती.

"कवापासून आहेत हे इथे?" मी विचारलं.

"सकाळधरनं हायेत साहेब. पाणी पाजलं, भाकर दिली तर खायनात. आता ताल्क्याच्या दवाखान्यात न्यायचं म्हणून गाडी बघायला माणूस धाडलाय." मग तिने आवाज खाली घेतला. "हे कोण पुढारी हायेत का? मघाशी दोघं-तिघं येऊन फोटू काढून गेले. आम्हाला वाटलं, कुणीतरी मोठं माणूस असंल. पण मोठ्या माणसाला असं टाकून कोण जातं?"

ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांनी साखर तपासली, सलाईन लावलं आणि म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर बेशुद्धीतच गेले असते. अंधार पडायच्या आत गुरुजी डोळे उघडून बोलू लागले. मुलगा आणि सून भाड्याच्या गाडीने निघाले होते.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगताना मला सर्वांत जास्त राग येतो. कुणावर काय गुन्हा दाखल करायचा, यावर वरिष्ठांशी, सरकारी वकिलांशी बोललो. फोटो काढणं हा गुन्हा नाही. मिसळ फुकट देणं हा गुन्हा नाही. हरवलेल्या माणसाचं सोंग घ्यायला लावणं कुठल्याच कलमात नीट बसेना. शेवटी विनापरवाना पोस्टर लावून मालमत्ता विद्रूप केल्याबद्दल कारवाई झाली, तीही मिसळवाल्यावर. पुण्याची कंपनी कागदोपत्री कुठेच नव्हती. मिसळवाल्याने गुरुजींच्या घरी जाऊन मुलाचे पाय धरले. मुलगा त्याला म्हणाला, "तुम्ही जा." एवढंच. वर्षाच्या आत मिसळवाल्याने शाखा सोडली आणि परत सिन्नरला नोकरी धरली.

पुण्याच्या त्या मार्केटिंगवाल्याचा मात्र मला चार दिवसांनी स्वतःहून फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "सर, आजोबा आमच्या सेल्फींमुळेच सापडले ना? फारच पॉझिटिव्ह स्टोरी आहे. फॅमिलीची परवानगी मिळाली तर आम्हाला पोस्ट करायची आहे." इतक्या वर्षांच्या नोकरीत मी अट्टल गुन्हेगारांसमोर हात टेकले नाहीत. त्या माणसासमोर टेकले. आपण काय केलं हे त्याला कधीच कळणार नव्हतं, आणि ते कळावं म्हणून मी त्याला कोठडीतही टाकू शकत नव्हतो.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. मी इतकंच सांगतो की माणसाने मदत मागितली तर आधी ती खरी धरा. फसलात तर तुमची पाच मिनिटं जातील. खोटी धरलीत आणि ती खरी निघाली, तर त्याचं काय जाईल ते मी लासलगावला पाहिलंय. आमच्या ठाण्यात मी असेपर्यंत, खोट्या निघालेल्या फोननंतरही पुढच्या फोनला गाडी जायचीच. पोरं कुरकुरायची. मी ऐकून घेत नसे.

एक गोष्ट मी गुरुजींच्या मुलाला कधी सांगितली नाही. त्या संध्याकाळी रुग्णालयात, वडील ठीक आहेत हे त्याला वाटेतच दिसावं म्हणून हवालदारांनी गुरुजींचा फोटो काढायला मोबाईल वर धरला. तो पाहताच गुरुजी सलाईन लावलेल्या हाताने सदरा सारखा करत धडपडत उठून बसले, माझ्या खांद्याला खांदा लावला आणि मोबाईलकडे बघून छान हसले. फोटो निघाला. मग माझ्याकडे वळून ते अगदी हळू, समजुतीच्या आवाजात म्हणाले, "झालं ना तुमचं? आता मला घरी सोडता का?"